दूध की फळांचा रस? ग्लासातल्या पोषणाचा हिशेब

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. अलीकडे तिने दुधाशी उभा दावा मांडलाय, रस मात्र कितीही दिला तरी चालतो. त्यावरून घरात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, रस फळाचाच आहे, मग दुधाऐवजी तोच दिला तर बिघडलं कुठे? दुसरी बाजू म्हणते दुधाला पर्याय नाही, नाक दाबून का होईना पाजायचंच. मला दोन्ही टोकं पटत नाहीत.

वाद घालण्याआधी आकडे शेजारी शेजारी मांडून बघितले. ग्लास २०० मिलिलिटरचा. दूध गायीचं, साय न काढलेलं. रस संत्र्याचा, ताजा, वरून साखर न घातलेला.

दुधात साधारण १२५ कॅलरी, प्रथिनं साडेसहा ग्रॅम, स्निग्धांश ७ ग्रॅमच्या आसपास, साखर साडेनऊ ग्रॅम आणि ती सगळी लॅक्टोज, कॅल्शियम २३० ते २४० मिलिग्रॅम. क जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच.

रसात साधारण ९० कॅलरी, प्रथिनं दीड ग्रॅमसुद्धा नाहीत, स्निग्धांश नावापुरता, साखर १७ ग्रॅम, कॅल्शियम २० मिलिग्रॅमच्या जवळपास. क जीवनसत्त्व मात्र १०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दिवसाची गरज एका ग्लासात भागून वर उरेल इतकं.

कॅलरी बघितल्या तर रस हलका, साखर बघितली तर दूध बरं, क जीवनसत्त्व बघितलं तर दूध शर्यतीतच नाही. मग ही तुलना करायची तरी कशाच्या आधारावर? जाणकारांनी लिहावं. अनुभवही हवेत, पण कृपया कारणांसकट.

---

पाऊलवाट

माझं मत रसाच्या बाजूने. रसातली साखर फळाची, निसर्गाने घातलेली. कारखान्यातली पांढरी साखर आणि संत्र्यातली साखर एकाच पारड्यात टाकू नये. शिवाय मूल आनंदाने पितंय. नाक दाबून पाजलेल्या दुधाने कोणाचं भलं झालंय?

---

काटेतराजू

मी आहारतज्ज्ञ आहे. हा प्रश्न जवळजवळ रोज समोर येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अनुस्वार, तुमचे आकडे बरोबर आहेत. त्यात एक भर घालते. दोन्ही ग्लासांत ८७-८८ टक्के पाणीच आहे. दूध दाट दिसतं आणि रस पातळ, त्यामुळे हे सहसा लक्षात येत नाही. सगळा फरक आहे तो उरलेल्या १२-१३ टक्क्यांत. दुधाच्या त्या वाट्यात प्रथिनं, स्निग्धांश, लॅक्टोज, कॅल्शियम, फॉस्फरस, ब२, ब१२ असं बरंच काही मिळून बसलेलं असतं. रसाच्या त्या वाट्यात बहुतांश साखर असते आणि तिच्या सोबतीला पोटॅशियम, फोलेट, क जीवनसत्त्व, थोडी आम्लं, थोडी रंगद्रव्यं.

म्हणून मी पालकांना सांगते की दूध हे द्रवरूपातलं अन्न आहे आणि रस हे पेय आहे. एकाच्या जागी दुसरं ठेवलं की ताटातून नेमकं काय गेलं ते मोजा. मुलीचं दुपारचं दूध बंद होऊन रस सुरू झाला, तर त्या वेळेची प्रथिनं गेली, कॅल्शियम गेलं, ब१२ गेलं. ते दिवसभरात दुसरीकडून भरून निघत असेल तर काळजी नाही. निघत नसेल तर काळजी आहे. मुलांच्या या वयाला कॅल्शियम किती लागतं याबाबत देशोदेशीच्या शिफारशी वेगळ्या आहेत, साधारण ५५० ते १००० मिलिग्रॅम. अगदी खालचा आकडा धरला तरी तो रसातून गाठायला पंचवीसेक ग्लास लागतील. दुधाचे दोन ग्लास झाले की बराचसा पल्ला गाठला जातो.

आता पाऊलवाट यांच्या ‘निसर्गाने घातलेली साखर’ या मुद्द्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात फळांच्या रसातली साखर ‘मुक्त साखर’ या गटात धरली आहे. वरून घातलेली साखर, मध, पाक याच गटात. अख्ख्या फळातली साखर आणि दुधातलं लॅक्टोज मात्र या गटात येत नाही. मुक्त साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं, असं ती सांगते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. लहान मुलाचं त्याहून कमी. संत्र्याच्या रसाच्या एका ग्लासात १७ ग्रॅम, सफरचंदाच्या रसात १९-२०, द्राक्षाच्या रसात २८ पर्यंत. हिशेब तुम्हीच करा.

---

पाऊलवाट

काटेतराजू, आकडे मान्य, पण एक शंका आहे आणि ती प्रामाणिक आहे. दुधातही साडेनऊ ग्रॅम साखर आहेच ना? फळातली साखर फळात असताना चांगली, पिळून काढली की वाईट. दुधातली साखर तर आधीपासूनच द्रवात आहे. तिला सूट का? साखरेचा रेणू बदलला की काय?

---

काटेतराजू

रास्त शंका आहे. रेणूही थोडा वेगळा आहे, पण खरं कारण सोबतीत आहे.

लॅक्टोज फुटलं की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळतं, फळाच्या साखरेत बराच वाटा फ्रुक्टोजचा असतो. हा झाला रेणूंचा फरक. दुसरी गोष्ट पोटात घडते. दूध जठरात गेलं की आम्लामुळे आणि पाचकरसामुळे त्यातल्या केसीनच्या गाठी होतात. दुधाच्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीनच असतं. या गाठी हळूहळू विरघळत पुढे सरकतात, स्निग्धांशही वेग कमी करतो. म्हणजे पिताना दूध द्रव असलं तरी जठर त्याला बऱ्याच अंशी घन अन्नासारखं वागवतं. रसाला असा कुठलाच लगाम नाही. तो लगाम फळात होता आणि आपण तो गाळणीत काढून ठेवला. १०० ग्रॅम संत्र्यात सव्वादोन-अडीच ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच रसात फक्त ०.२ ग्रॅम.

याबाबतचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा रस दिला. तिन्ही वेळा पिष्टमय पदार्थांचं प्रमाण सारखंच. सफरचंद खायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला. पोट भरल्याची भावना रसाने सगळ्यात कमी, सफरचंदाने सगळ्यात जास्त. रसानंतर इन्सुलिन अधिक वर गेलं आणि मग रक्तातली साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली घसरली. अख्ख्या सफरचंदानंतर तसं झालं नाही.

माणसं तीच, फळ तेच, साखर तेवढीच. बदलली ती फक्त फळाची बांधणी.

---

मधली सुट्टी

या लगामाच्या मुद्द्यावर स्वयंपाकघरातलं निरीक्षण. एक ग्लास रसाला मध्यम आकाराची तीन संत्री सहज जातात. पिळून झाल्यावर गाळणीकडे नीट बघा. फोडींचे रिकामे पापुद्रे, पांढरे धागे आणि ओलसर चिकट गर यांचा चांगला मूठभर गोळा बसलेला असतो. मुलांना मी तो हातात घेऊन दाबायला देते. दाबला की परत फुगतो, पाणी सोडतो, परत धरतो. पोटात तो हेच काम करतो. मुलांना हे भाषणापेक्षा लवकर कळतं. आणि सलग तीन संत्री सोलून खायला सांगितली तर दुसऱ्या संत्र्यालाच बहुतेक मुलं ‘पुरे’ म्हणतात. ग्लास मात्र अर्ध्या मिनिटात रिकामा.

---

निळी शाई

सगळे दुधाची बाजू घेत आहेत, पण ज्यांना दूध पचतच नाही त्यांचं काय? मला कॉलेजात असल्यापासून दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगतं, गुडगुड, मग धावपळ. लहानपणी काही त्रास नव्हता. ‘सवय कर, होईल’ असा सल्ला इतक्या जणांनी दिलाय की आता मी कारण सांगणंच सोडून दिलंय.

---

काटेतराजू

निळी शाई, तुमच्या त्रासाला पूर्ण शास्त्रीय आधार आहे आणि तुम्ही अजिबात एकटे नाही. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे विकर बालपणानंतर कमी होत जाणं हीच जगातल्या बहुसंख्य माणसांची स्थिती आहे. साधारण दोन तृतीयांश लोकांमध्ये लॅक्टोजचं शोषण अपुरं होतं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू आणि पाणी. ‘सवय कर’ म्हणून बंद झालेलं विकर परत सुरू होत नाही.

पण शोषण अपुरं असलं तरी त्रास होईलच असं नसतं. अनेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, विशेषतः जेवणासोबत, झेपतं. ज्यांना तेही झेपत नाही त्यांनी दही खाऊन बघावं. त्यातलं काही लॅक्टोज विरजणातल्या जिवाणूंनी आधीच संपवलेलं असतं आणि ते जिवाणू पोटातही मदत करतात. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज नाममात्र उरतं. लॅक्टोज आधीच फोडलेलं दूधही मिळतं, ते किंचित गोड लागतं, पण त्यात वरून साखर घातलेली नसते. प्रथिनं, कॅल्शियम, ब१२ या सगळ्यांत जसंच्या तसं मिळतं.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे भानगड प्रथिनांची आणि प्रतिकारशक्तीची असते. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं असं काही होत असेल तर दह्याचे प्रयोग करायचे नाहीत, थेट डॉक्टरांकडे जायचं.

---

मधली सुट्टी

दुधाची दुसरी बाजूही लिहायला हवी. माझा भाचा दोन वर्षांचा असताना जवळजवळ दुधावरच जगत होता. बाटली तोंडात, जेवण नको. वजन छान, गाल वर आलेले, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मग तो चिडचिडा आणि फिकट दिसायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. एक लिटर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज ७ मिलिग्रॅम. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन इतर अन्नातल्या लोहाचं शोषणही कमी करतात. पोट दुधानेच भरलं की लोह असलेलं अन्न पोटात जातच नाही. त्यांनी दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणलं, बाटली बंद केली, लोहाचं औषध सुरू केलं. काही महिन्यांत पोर बदललं.

म्हणून दुधाला ‘पूर्णान्न’ म्हणून कितीही ओतत राहायचं, याला माझा सक्त विरोध आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत तर गायीचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचंच नसतं.

---

काटेतराजू

मधली सुट्टी, फार महत्त्वाचं लिहिलंत. रसालाही वयानुसार मर्यादा आहेत, त्या इथेच नोंदवते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली सांगितलं ते असं: एक वर्षाच्या आत रस नाही. एक ते तीन वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर. चार ते सहा वर्षं, १२० ते १८०. सात ते अठरा, २४०. आणि तोही पेल्यातून, बाटलीतून नाही.

अनुस्वार, तुमच्या मुलीसाठी म्हणजे दिवसाला एक ग्लास ही वरची हद्द झाली. ‘कितीही’ नाही.

---

अनुस्वार

२४० ही हद्द आहे हे माहीत नव्हतं. शनिवार-रविवारी आमच्याकडे याच्या दुप्पट सहज होतो. आता लगेच बदल करणार.

पण रसाच्या बाजूने बोलणारं कोणी आहे का? पाऊलवाट एकटे पडलेत.

---

उंबरठा

मी बोलतो. मला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. माझ्या उशाशी रसाचा छोटा डबा कायम असतो, दुसरा बॅगेत. रात्री साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, की मला चावत बसायला वेळ नसतो आणि भानही नसतं. अशा वेळी १५ ग्रॅम झटपट साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, असा नियम शिकवतात. रस १२० मिलिलिटर घेतला की साधारण तेवढी साखर मिळते.

वर काटेतराजूंनी ज्याला रसाचा दोष म्हटलं, की त्याला लगाम नाही, त्याच गुणाने मला किती वेळा सावरलंय. अशा वेळी साय असलेलं दूध कामाचं नाही, स्निग्धांशामुळे साखर चढायला उशीर होतो. साखर जागेवर आली आणि जेवणाला अवकाश असला तर मग मी थोडं दूध घेतो, म्हणजे ती टिकून राहते. दोन्ही ग्लासांचा उपयोग मला आहे, पण वेळा वेगळ्या.

---

पाऊलवाट

उंबरठा, मनापासून धन्यवाद. असे उपयोग लोक विसरतात.

मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो. चालवताना रसात निम्मं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून घेतो. तिथे साखर लागतेच, लगेच लागते. दूध त्या वेळी पोटात डुचमळतं.

---

काटेतराजू

चालवताना ते योग्यच आहे. थांबल्यावर मात्र दूध घेऊन बघा. कुठलं पेय शरीरात किती वेळ पाणी धरून ठेवतं याचा एक अभ्यास २०१६ साली आला होता. साध्या पाण्याला १ धरलं तर दुधाचा निर्देशांक सुमारे दीड निघाला, साय काढलेलं असो वा न काढलेलं, जलसंजीवनीच्या जवळपास. दुधातले क्षार, प्रथिनं आणि जठरातून हळू पुढे सरकणं यामुळे पाणी लघवीवाटे लगेच निघून जात नाही. वर प्रथिनं मिळतात ती स्नायूंच्या दुरुस्तीला उपयोगी.

रसाची बाजू अनुस्वारनी विचारलीच आहे तर थोडा इतिहास सांगते, कारण या दोन ग्लासांचं नातं त्यात छान दिसतं.

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा आजार) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ती सगळ्यात आधी उठून उभी राहिली. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमित दिला जाऊ लागला. पुढे त्याच्या जागी कमी क जीवनसत्त्व असलेल्या दुसऱ्या लिंबाचा रस आला, साठवण आणि प्रक्रियेत उरलंसुरलंही कमी होत गेलं, आणि १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उद्भवला. रस म्हटलं की क जीवनसत्त्व असणारच, असं तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. सफरचंदाच्या रसात, वरून घातलं नसेल तर, ते एका ग्लासाला जेमतेम २ मिलिग्रॅम असतं.

दुसरा प्रसंग दुधाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डब्यातल्या आणि उकळलेल्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये स्कर्व्ही दिसू लागला. थॉमस बार्लो यांनी १८८३ साली त्याचं वर्णन केलं. दुधात मुळातच अगदी कमी असलेलं क जीवनसत्त्व तापवल्याने आणखी घटत होतं. त्यावर उपाय म्हणून डॉक्टर संत्र्याचा रस द्यायला सांगू लागले. त्या काळासाठी ते योग्यच होतं. आज बाळांना क जीवनसत्त्व मिळायचे इतर मार्ग आहेत, म्हणून तो सल्ला आता लागू नाही. पण गोष्ट स्पष्ट आहे: दुधात जे नाही ते संत्र्यात आहे, आणि संत्र्यात जे नाही ते दुधात. ‘दोन्हीपैकी कोणतं’ या प्रश्नापेक्षा ‘दिवसभरात कशाची उणीव राहतेय’ हे विचारणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

---

कोरा कागद

दंतवैद्य आहे. कॅलरी आणि कॅल्शियमच्या चर्चेत दात राहून गेले.

दातांचं वरचं कवच, इनॅमल, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). दुधाचा पीएच ६.६ ते ६.७. संत्री, सफरचंद, द्राक्षं यांच्या रसाचा साधारण ३.३ ते ४.२. म्हणजे रस दातांवर दोन बाजूंनी काम करतो, आम्लाने थेट आणि साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंमार्फत. सगळ्यात वाईट म्हणजे घोट घोट घेत तासभर पुरवलेला रस. लाळेला दात सावरायला वेळच मिळत नाही. रस द्यायचाच तर जेवणासोबत, एका बैठकीत संपवा, वर पाण्याने चूळ भरायला लावा. आणि लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेल्या इनॅमलवर ब्रश घासला की झीज वाढते. अर्धा तास तरी जाऊ द्या.

दुधात आम्ल नाही, शिवाय त्यातलं केसीन आणि कॅल्शियम दातांना धार्जिणं. तरीही दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे पुढचे वरचे दात किडलेले मी नेहमी बघते. रात्री लाळ कमी होते आणि लॅक्टोज दातांवर तसंच राहतं. ज्या आईवडिलांनी ‘फक्त दूधच तर देतो’ असं सांगितलं त्यांचे चेहरे आठवले की वाईट वाटतं. कारण हे टाळता येतं.

---

गच्चीवरून

फार्मासिस्ट म्हणून थोडी भर. हे दोन्ही ग्लास औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात आणि लोक ते विचारात घेत नाहीत.

दूध: टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांना दुधातलं कॅल्शियम बांधून टाकतं, औषध अंगी लागत नाही. थायरॉइडच्या गोळीचंही तेच, ती रिकाम्या पोटी पाण्यासोबतच घ्यायची. लोहाची गोळी दुधासोबत घेणं म्हणजे निम्मं औषध वाया घालवणं. तीच गोळी संत्र्याच्या रसासोबत घेतली तर क जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारतं. कडधान्यं आणि पालेभाज्यांमधल्या लोहालाही हेच लागू.

रस: ग्रेपफ्रूटचा रस सगळ्यात जपायचा. सिम्व्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची काही औषधं आणि रक्तदाबाची फेलोडिपिनसारखी औषधं आतड्यातल्या ज्या विकराने फुटतात, तेच हा रस बंद पाडतो. औषध रक्तात नको तितकं चढतं, आणि परिणाम दिवसभराहून अधिक टिकू शकतो. सकाळी रस आणि रात्री गोळी अशी वेळ बदलूनही भागत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर दोन्ही जपून. संत्र्याच्या रसाच्या ग्लासात ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, दुधात ३०० च्या आसपास आणि वर फॉस्फरस. डॉक्टरांनी आखून दिलेलं माप पाळा.

---

निळी शाई

दही सुरू केलंय, पोट शांत आहे. एक विचारायचं होतं, दह्यावर जे पिवळट-हिरवट पाणी सुटतं ते मी ओतून देत होतो. त्यात काही असतं का?

---

काटेतराजू

ओतू नका, ढवळून घ्या. तो पिवळा-हिरवा रंगच ब२ जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा आहे. दुधात तो पांढरेपणाखाली झाकलेला असतो, प्रथिनं खाली बसली की दिसायला लागतो. रायबोफ्लेविनला उजेड सोसत नाही. काचेच्या पारदर्शक बाटलीतलं दूध उन्हात राहिलं की ते झपाट्याने नाहीसं होतं, चवही उतरते. म्हणून दूध झाकून, अंधारात, थंड ठेवायचं. उष्णता मात्र रायबोफ्लेविन बऱ्यापैकी सोसतं, त्यामुळे पाश्चरायझेशनने किंवा यूएचटीने (अतिशय जास्त तापमानाला काही क्षण तापवण्याने) ते फारसं जात नाही. प्रथिनं, कॅल्शियमही टिकतात. कच्चं दूध जास्त पौष्टिक असतं या समजापायी कच्चं दूध पिऊ नका. जे मिळतं त्याच्या मानाने जंतूंचा धोका फार मोठा आहे. न पाश्चराइझ केलेल्या रसालाही धोका असतो, तो ताजा पिळून लगेच प्या.

---

पाऊलवाट

दूध आणि संत्र्याचा रस एकत्र घेतला तर पोटात फाटतं म्हणतात, ते खरं का?

---

काटेतराजू

फाटतं, आणि ते फाटायलाच हवं. पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनच्या गाठी होतात, मग आम्ल संत्र्याचं असो वा जठराचं. जठरातलं आम्ल संत्र्याच्या कितीतरी पट तीव्र असतं. नुसतं दूध प्यायलं तरी पोटात ते फाटतंच, पचनाची सुरुवातच तिथून होते. ग्लासात मिसळून ठेवलं तर दिसायला वाईट दिसेल, एवढंच.

---

अनुस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरच्यांना अख्खा धागा वाचायला दिला.

आम्ही ठरवलंय ते असं. रस रोज नाही, आणि दिला तर छोटा पेला, जेवणासोबत. एरवी संत्रं सोलून फोडी. दुधाचा आग्रह सोडलाय, त्याऐवजी दही आणि चीज, ते ती आवडीने खाते. रात्री थोडं दूध हवं असेल तर तिच्या मर्जीने.

शेवटचा प्रश्न. चव घातलेलं तयार दूध तिला आवडतं. पाकिटावर ‘साखर’ असा एकच आकडा असतो. त्यातली दुधाची किती आणि वरून घातलेली किती, हे कसं ओळखायचं? रसाच्या डब्यांबद्दलही असंच काही असेल तर सांगा.

---

काटेतराजू

सोपं आहे. पाकिटावर १०० मिलिलिटरमागे साखर किती ते बघा. साध्या दुधात लॅक्टोज १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या जरा आतच असतं. आकड्यातून ५ वजा करा, उरेल ती बहुतेक सगळी वरून घातलेली. समजा १० लिहिलंय, तर ५ वरची. २०० मिलिलिटरच्या पाकिटात ती १० ग्रॅम झाली. घटकांची यादीही वाचा, तिथे साखर, ग्लुकोज सिरप किंवा फ्रुक्टोज दुधानंतर लगेच आलं असेल तर प्रमाण बरंच आहे असं समजा. लॅक्टोज फोडलेल्या दुधालाही हीच वजाबाकी लागू, कारण साखरेचा प्रकार बदलतो, वजन नाही.

रसाच्या डब्यावर आधी नाव नीट वाचा. ‘१०० टक्के रस’ म्हणजे फळाचाच, मग तो आटवून परत पाणी घातलेला असला तरी. ‘नेक्टर’ असेल तर त्यात फळाचा वाटा बराच कमी असू शकतो, काही फळांच्या बाबतीत पाव हिस्सा, बाकी पाणी आणि बहुधा साखर. नुसतं ‘फ्रूट ड्रिंक’ असेल तर फळाची टक्केवारी शोधा, ती बारीक अक्षरात पाठीमागे असते. आणि ‘साखर घातलेली नाही’ असं पुढे ठळक लिहिलं असलं तरी मागे १०० मिलिलिटरला ९-१० ग्रॅम साखर दिसेल. ती फळाची आहे, पण तुमच्या मुलीच्या दिवसाच्या हिशेबात धरायची.